धुराड्यातली शिट्टी

"हा डास आहे," सपकाळेनाना म्हणाले. "इंजिन कुठंय?"

हातभर लांबीचं त्यांचं पितळी इंजिन टेबलावरच्या रुळांवर गोल गोल फिरत होतं आणि त्याच्या पोटातून मी बसवलेला आवाज येत होता. भक, भक, भक, भक. मला विचाराल तर झकास येत होता.

"नाना, खऱ्या इंजिनाचा आवाज आहे हा. टेपवरून उचललाय, अस्सल."

"मग अस्सल डास आहे," असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, "अगं, चहा टाक! रेडिओवाल्याचं तोंड पडलंय!"

काकू दोन हातांवर दारातच उभ्या होत्या. नाना नेहमी असेच ओरडून बोलायचे. तीस वर्षं वाफेच्या इंजिनावर काढलेला माणूस कुजबुजणार कसा, असं सगळी गल्ली म्हणायची आणि सोडून द्यायची.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. भुसावळला माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, वय एकतीस होतं आणि डोक्यात हवा होती. हवेचं कारण दुकान नव्हे. मी हौशी नाटकांना आवाज पुरवायचो. सुपात गहू घोळवून समुद्र, पत्रा हलवून वीज, नारळाच्या करवंट्या आपटून घोडा, असले सगळे उद्योग विंगेत बसून करायचो. राज्य नाट्यस्पर्धेत आमच्या केंद्रावर मला त्याचं प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर टांगलेलं असायचं. ज्यानं वाचलं नाही त्याला मी वाचून दाखवायचो.

अशा माणसाला कोणी डास म्हटलं तर तो पेटणारच की हो!

वामन सपकाळे म्हणजे भुसावळच्या जुन्या ड्रायव्हरांतलं मानाचं पान. गुडघ्यानं दगा दिला म्हणून शेवटची दोन वर्षं त्यांना इंजिनावरून उतरून शेडमध्ये काम करावं लागलं होतं. हे ते प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगायचे, समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी पितळ आणि पत्रा कापून, कानशीनं घासून हे इंजिन बनवलं. आत विजेवरची मोटर, बाहेरून मात्र खिळान् खिळा जिथल्या तिथं.

आणि त्याचं कामही ठरलेलं होतं. खांडेनवमीला शेडमध्ये इंजिनाची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. वाफेची इंजिनं भंगारात गेली तेव्हापासून नानांच्या जोडीदारांनी विजेच्या इंजिनाला हार घालायचं नाकारलं. ते सगळे म्हातारे नवमीला नानांच्या घरी जमायचे आणि या हातभर इंजिनाची पूजा करायचे.

"पण मुकं आहे रे ते," नाना मला म्हणाले होते. "फोटोला हार घातल्यासारखं वाटतं. यंदा ते बोललं पाहिजे. आमच्यातला एक तर दर वर्षी कमी होतोय. एकदा तरी सगळ्यांनी मिळून ऐकायचंय."

नवमीला तीन आठवडे होते.

डास का वाटतो ते मला ठाऊक होतं. रुपयाएवढा स्पीकर उघडा ठेवला की आवाज मागच्या मागे वाया जातो. मी तपकिरीची रिकामी डबी घेतली, स्पीकर तिच्या तोंडावर बसवला, कडा मेणानं बुजवल्या आणि डबी इंजिनात अशी उभी केली की स्पीकरचं तोंड बरोबर धुराड्याखाली यावं. आवाज धुराड्यातून बाहेर! माझ्याच अकलेवर मी खूश झालो. शिवाय टेपचा आवाज काढून टाकला आणि माझा भरला. खरबरीत कागद लावलेले दोन ठोकळे पत्र्याच्या डब्यात घासून काढलेला. नाटकातला माझा सिद्धांतच होता, खरा आवाज खोटा वाटतो आणि खोटा खरा.

नानांनी टेबलावर दोन्ही तळवे टेकून तो ऐकला. ते ऐकताना नेहमी तसेच टेकायचे. मला वाटायचं, गुडघ्यामुळं.

"लांब आहे," ते म्हणाले. "इंजिन जळगावला आणि मी इथं."

दुसऱ्या खेपेला मी चाकाच्या आसाला चुंबक बसवला. चाक एकदा फिरलं की चार वेळा भक, ना कमी ना जास्त. वेग वाढला की आवाजही धावायला लागायचा. हे बघून नाना खुलले. "मोजमाप बरोबर केलंस हां, देविदास! आता आवाज बसव की झालं."

"बसवलाय की!"

"कुठं?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

तिसऱ्या खेपेला मी हुकमाचं पान काढलं. रूळ नुसत्या प्लायवूडवर ठोकलेले होते, त्यामुळं इंजिन चाललं की टेबल खडखडायचं आणि तो खडखडाट माझ्या आवाजावर बसायचा. मी सगळे रूळ उखडले, खाली फोम घातला, पुन्हा बसवले. चार दिवस गेले त्यात. बटण दाबलं आणि खोलीत काय स्वच्छ आवाज घुमला म्हणून सांगू! काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अगंबाई, गाडी आली!"

नानांचे तळवे टेबलावर होते. त्यांचा चेहरा उतरला.

"होता तेवढाही घालवलास," ते म्हणाले.

माझं टाळकंच सटकलं. नाना रूळ बघायला पाठ वळवून वाकले होते. मी हत्यारं पिशवीत कोंबायला लागलो. "नाना, तुमचं इंजिन तुम्हाला लखलाभ. मला नाही जमायचं." ते काही बोलले नाहीत. "नाना, मी चाललो!" तरी नाहीत. "अहो नाना, बोलतोय मी!" एवढा मोठा माणूस माझा असा अपमान करतो म्हणजे काय! तेवढ्यात रागारागात पक्कड हातातून सुटली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पडली.

नाना गर्रकन वळले. "काय पाडलं रे?"

मी तसाच उभा राहिलो. काकू लाटणं घेऊन माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, अगदी थोडीशी. बोलू नकोस, असं.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ते ओरडून बोलणं, टेबलावरचे तळवे, बोलताना माझ्या ओठांवर खिळलेली नजर. आणि मी शहाणा, दोन आठवडे या माणसाला मेण लावून स्पीकर ऐकवत होतो!

"पक्कड होती," मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणालो. "उद्या येतो, नाना."

दुसऱ्या दिवशी मी फोम काढून टाकला. दुकानातल्या एका जुन्या लाकडी रेडिओचा ताटलीएवढा स्पीकर टेबलाच्या खालून प्लायवूडला स्क्रूनं आवळला. जाड, खोल भकभक त्या स्पीकरला जोडली. बारीक भकभक धुराड्यातल्या छोट्याकडेच राहू दिली आणि शिट्टीही वेगळं बटण देऊन त्यालाच जोडली. स्क्रू आवळायला नाना स्वतः टेबलाखाली घुसले आणि अर्धा तास उकिडवे बसले. उठले ते हात न टेकता. गुडघे असे, तर दुखरे कसे असतात, हे मला विचारावंसं वाटलं.

बटण दाबलं. तळवे टेकले.

नानांनी डोळे मिटले. इंजिन एक फेरी फिरलं, दोन फिरलं. त्यांनी चपला काढल्या आणि एक पाय टेबलाच्या आडव्या पट्टीवर ठेवला. तिसऱ्या फेरीला त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि हवेत नसलेला दांडा ओढू लागला.

"घाट चढतंय," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचा आवाज खाली आला होता. "मागं डबे भरलेत. अरे, इंजिन काय कानानं ऐकतात होय? तळपायातून येतं ते."

इंजिन थांबवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुला कळलंय."

"काय कळलंय?"

"नाटकातला ना तू? तरी खोटं बोलता येत नाही तुला." ते खुर्चीवर बसले. "गुडघा-बिडघा काही नाही. कानाच्या तपासणीत नापास झालो म्हणून उतरवलं मला. त्याच्या आधी वर्षभर कमी येत होतं. मी बोललो नाही कोणाला. इंजिन सोडायची तयारीच नव्हती रे माझी."

मग त्यांनी फटाक्यांचं सांगितलं. धुक्यात पुढं धोका असला की रुळावर फटाके लावायचे. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरनं थांबायचं.

"मला आवाज यायचाच नाही नीट. वाटायचं, फुटला बहुतेक. मग मी गुलाबच्या तोंडाकडे बघायचो. गुलाब पिंजारी, माझा फायरमन. त्याचा चेहरा हलला की ब्रेक. एकही गाडी चुकली नाही माझी, शप्पथ. पण ते कोण विचारतंय? म्हणतील, सपकाळे हजार माणसं मागं बांधून बहिऱ्या कानानं गाडी हाकत होता. आणि गुलाब काय म्हणेल? त्याचा जीव माझ्या हातात होता. अकरा वर्षं झाली, त्याला सांगायची हिंमत नाही माझी. लाज वाटते."

"कळणार नाही त्यांना."

"कसं नाही? इंजिन बोलायला लागलं, सगळ्यांचे चेहरे खुलले आणि मी ठोंब्यासारखा उभा, तर गुलाबला एका मिनिटात कळेल. म्हणून तुला सतावलं. आवाज आधी मला कळायला पाहिजे होता." ते उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आता येऊ दे त्यांना!"

खांडेनवमीला सकाळी दहाला नानांसकट पाच ड्रायव्हर-फायरमन जमले आणि घराचं स्टेशन झालं. सगळे एकाच वेळी बोलत होते, तेही ओरडून. गुलाबचाचा सगळ्यांत बारीक, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर रुमाल. आल्या आल्या त्यांनी नानांच्या हातात बाटली ठेवली.

"वामन, निरगुडीचं तेल! गुडघ्याला!"

"आणि तुझा गुडघा?"

"त्याचं नाव काढू नको! त्यानंच तर मला शेडमध्ये बसवलं!"

"माझाही तोच रोग!" तिसऱ्यानं हाक दिली. एवढं झाल्यावर सगळेच्या सगळे माझा स्पीकर बघायला टेबलाखाली उकिडवे बसले आणि पोरांसारखे टुणकन उठले. मला हसू आलं, पण विचार करायला सवड नव्हती. वायरी तपासायच्या होत्या.

झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहिलं. नारळ गुलाबचाचांनी फोडला.

"का, ड्रायव्हर नाही फोडत?" मी काकूंना विचारलं.

"नारळ फायरमनचा. शेडची रीतच आहे. इंजिनाला कोळसा तो घालतो, म्हणून पहिलं पाणीही तोच पाजतो."

"पाजतो म्हणजे?"

काकूंनी उत्तर द्यायच्या आत चाचांनी करवंटी धुराड्यावर धरली होती. "अहो चाचा, नको! आत स्पीकर आहे!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. एकानंही वळून बघितलं नाही. चाचांनी भक्तिभावानं अर्धी करवंटी धुराड्यात रिकामी केली.

नानांनी बटण दाबलं. धुराड्यातून एकदा गुळगुळ झालं आणि मग काहीच नाही. माझी तपकिरीची डबी गेली होती. खालून तेवढी धप, धप, धप, धप, शेजारच्या घरी कोणी मसाला कुटतंय अशी. एवढ्या मंडळींसमोर नानांचं इंजिन अर्धमुकं!

पण नानांचे तळवे टेबलावर होते आणि ते हसत होते. गुलाबचाचांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आपलेही तळवे टेकले. मग तिसऱ्यानं, चौथ्यानं, पाचव्यानं. हळूहळू गलका थांबला. पाच म्हातारे टेबलाभोवती डोळे मिटून उभे होते. एक जण पुटपुटला, "घाट लागला." दुसऱ्यानं चपला काढल्या. चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"आता शिट्टी देतो!" इंजिन थांबवून नाना गरजले.

शिट्टी छोट्या स्पीकरची. मी पुढं झालो, पण नानांनी बटण दाबलंच.

खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. नानांनी चाचांच्या तोंडाकडे बघितलं. चाचा नानांच्या तोंडाकडे बघत होते. बाकीचे त्या दोघांकडे. नानांनी आपलं ठरवल्याप्रमाणं हसू आणलं. ते दिसल्याबरोबर चाचांनी टाळी दिली.

"वा रे वा! तीच शिट्टी! जशीच्या तशी!"

"अगदी तीच!" चौघेही ओरडले. "कानठळ्या बसल्या राव!"

मी आ वासून काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. डोळ्यांनीच त्यांनी मला दटावलं, एक अक्षर बोलशील तर बघ.

नानांनी आणखी तीन वेळा शिट्टी दिली. तिन्ही वेळा वाहवा झाली.

मंडळी जेवून गेल्यावर नाना खुशीत इंजिन उचलून कपाटाकडे निघाले. इंजिन तिरकं झालं आणि धुराड्यातून पाण्याची धार त्यांच्या सदऱ्यावर सांडली. त्यांनी बोटानं चाखून बघितलं.

"नारळाचं पाणी. हे कधी गेलं आत?"

मी समोर जाऊन उभा राहिलो. "पूजेच्या वेळी. शिट्टीच्या आधी."

त्यांनी धुराड्यात डोकावून बघितलं. तीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस, त्याला काय समजवायचं? "मग शिट्टी?"

"वाजलीच नाही, नाना."

"पण गुलाबला तर ऐकू..." ते तिथंच थांबले आणि हळूच खुर्चीवर बसले. इंजिन त्यांनी मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "फटाके फुटले की मी गुलाबच्या तोंडाकडे बघायचो."

"हो."

"मग गुलाब कुठं बघत होता?"

काकूच पुढं आल्या आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन स्वच्छ म्हणाल्या, "तुमच्या तोंडाकडे."

नाना काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली, आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. अंगठे हलवून बघितले.

"तरी थांबत होतो आम्ही. प्रत्येक वेळी," ते म्हणाले. "म्हणजे तळपायाला कळत होतं. दोघांच्याही."

आणि ते हसायला लागले. असे हसले की इंजिन मीच त्यांच्या मांडीवरून उचललं. हसता हसता डोळे वाहायला लागले. ते हसणंच होतं की अकरा वर्षांचं दुसरं काही, ते मी विचारलं नाही. "अकरा वर्षं तो मला तेल आणून देतोय! आणि मी चोळतोय!"

"तुम्ही कुठं? मी चोळतेय," काकू म्हणाल्या.

"मग सांगू या का चाचांना?" मी विचारलं. "त्यांच्याही मनावरचं ओझं उतरेल."

नाना एकदम ताठ झाले. "खबरदार! बिचाऱ्याला केवढं मेल्याहून मेल्यासारखं होईल. त्याचे गुडघे दुखतात. कळलं?"

धुराड्यातला स्पीकर मी पुढं कधी दुरुस्त केला नाही, आणि तक्रार कोणाचीच आली नाही. पुढच्या खांडेनवमीला मी वायरी घेऊन पोचलो तेव्हा नाना आधीच दारात येऊन गुलाबचाचांची वाट बघत होते. त्यांच्या हातात निरगुडीच्या तेलाच्या दोन बाटल्या होत्या.